अकाली स्मृतिभ्रंश आणि संसार : मराठवाड्यातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयाच्या पासष्टीच्या आत सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशाला, म्हणजेच डिमेन्शियाला, अकाली स्मृतिभ्रंश म्हणतात. पुढील प्रश्न मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून, बहुतेक वेळा रुग्णाच्या पती किंवा पत्नीकडून, पुन्हा पुन्हा येत असतात. ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कायद्याविषयीची उत्तरे दिशा कळावी एवढ्यापुरती आहेत. अर्ज किंवा दावा करण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावेत.

१. आमचे मालक अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. या वयात म्हातारचळ कसा लागेल?

स्मृतिभ्रंश निव्वळ वयामुळे होत नाही. मेंदूच्या पेशी नष्ट करणाऱ्या निरनिराळ्या आजारांमुळे तो होतो आणि त्यांपैकी काही आजार चाळिशी-पन्नाशीतही गाठतात. अल्झायमर या नावाने जो आजार आज सर्वांना माहीत आहे, त्याची पहिली नोंदलेली रुग्णच मुळी एक्कावन्न वर्षांची होती. ऑगस्टे डेटर या बाईंना १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. १९०६ मध्ये त्या वारल्यानंतर डॉ. अलोइस अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूची तपासणी करून आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या बाबतीत सर्वांत आधी खटकलेली गोष्ट विसराळूपणाची नव्हती. त्या नवऱ्यावर एकाएकी संशय घेऊ लागल्या होत्या. म्हणजे या आजाराची वैद्यकीय हकिगत सुरू होते तीच एका बिनसलेल्या संसारापासून.

अल्झायमरखेरीज फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (प्रश्न २ पाहावा), मेंदूतील रक्तवाहिन्यांचे आजार आणि वर्षानुवर्षांचे दारूचे व्यसन ही या वयातील इतर कारणे होत. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस या मोजणीत येतच नाही, आणि बहुधा म्हणूनच तो घरच्यांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही.

२. विसरत तर काहीच नाहीत, पण स्वभाव पार बदलला. बाहेर कुणीतरी असेल, असं सासूबाई म्हणतात. हा आजार असू शकतो का?

असू शकतो, आणि सर्वांत उशिरा ओळखू येणारा प्रकारही हाच आहे. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजतो. तो बहुतेक वेळा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो. सुरुवातीची काही वर्षे स्मरणशक्ती चांगली राहते, मात्र माणसाची भीड, लाज, माया आणि तारतम्य ओसरत जाते. एका बाईंनी कळवलेली हकिगत नमुनेदार आहे. कृषी सेवा केंद्र चालवणारे त्यांचे पती एकेका पैशाचा हिशेब ठेवणारे होते. ते न विचारता कुणालाही खताची पोती उधार देऊ लागले, खातेवही उघडेनासे झाले, सख्ख्या चुलत्याच्या दहाव्याला घाटावर मोठ्याने हसले आणि घरी येऊन पेढ्यांचा पुडा एकट्याने संपवला. बायको तापाने फणफणलेली असताना त्यांनी तिला एवढेच विचारले की, स्वयंपाक केव्हा होणार. बाईंच्या दृष्टीने हे सारे प्रेम आटल्याचे लक्षण होते, आणि माहेरच्यांचेही तेच मत पडले.

बदफैली माणूस आणि आजारी माणूस यांच्यात फरक करण्याची खात्रीची घरगुती कसोटी नाही, पण दोन गोष्टी पाहाव्यात. लपवाछपवी करणारा माणूस चारचौघांत सांभाळून वागतो, तर या आजाराचा रुग्ण नको ते उघड्यावर करतो आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. दुसरे असे की, बदल फक्त बायकोपुरता नसतो. दुकानात, भावकीत, मित्रांतही तो दिसतो. असे असेल तर भांडण बाजूला ठेवून प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे तपासणी करावी. साध्या स्मरणचाचणीत अशा रुग्णाला चांगले गुण मिळू शकतात. त्यामुळे घरच्यांनी वागण्यातले बदल तारीखवार लिहून नेले, तर डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

३. करणी, भानामती असं सगळे म्हणतात. आधी देवऋषाला दाखवलं तर काय बिघडतं?

बिघडतो तो वेळ. बरे होण्याजोगे कारण असेल, तर ते याच काळात हातचे जाते. उदी लावण्याने किंवा तुळजापूरला नवस बोलण्याने अपाय होत नाही, आणि ते करू नका असे सांगणारे आम्ही कोण? परंतु रुग्णाला मारणे, साखळीने बांधणे, धुरी देणे किंवा अमुक शेजारणीने करणी केली असे जाहीर करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. करणीचा आळ बहुतेक वेळा सुनेवर किंवा विधवा भावजयीवर येतो, याकडेही लक्ष वेधले पाहिजे.

४. कुठे दाखवायचं? आणि यातला बरा होणारा प्रकार असतो का?

मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांपैकी जे जवळ असतील त्यांच्यापासून सुरुवात करावी. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्राथमिक तपासणी होऊ शकते. जिल्हा रुग्णालयांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही चालतो.

स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दाखवणारे, पण उपचाराने पूर्ण किंवा बऱ्याच अंशी सुधारणारे आजार आधी वगळावे लागतात : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांत हिचा विचार आवर्जून करावा), थायरॉइडची मंदगती, खोल नैराश्य, एचआयव्ही आणि सिफिलिस, मेंदूतील पाण्याचा साठा, तसेच दुचाकीवरून पडल्यावर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साकळलेले रक्त. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय टाळू नये. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्याकडून आकृती काढून घेणाऱ्या किंवा वाचून दाखवायला लावणाऱ्या चाचण्यांचे निकाल फसवे ठरतात. अशा वेळी रुग्ण पूर्वी कोणती कामे सहज करत होता आणि आता कोणती जमत नाहीत, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.

५. माझी पिशवी पस्तिसाव्या वर्षीच काढली. त्यानेच हे झालं का?

बीड जिल्ह्यातून हा प्रश्न वारंवार येतो, आणि त्यामागची वेदना खरी आहे. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही पाळी जाण्याच्या वयाआधी काढले गेले असतील आणि त्यानंतर संप्रेरकांचा उपचार मिळाला नसेल, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका काहीसा वाढतो, असे परदेशातील निरीक्षणांवर आधारित अभ्यासांत आढळले आहे. तथापि एखाद्या विशिष्ट बाईला तो त्याच कारणाने झाला, असे सांगता येत नाही. शस्त्रक्रियेचे कागद शोधून अंडाशय काढले होते की नाही, ते डॉक्टरांना दाखवावे.

६. गोळ्यांनी बरं होईल का?

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलॅन्टामिन आणि मेमँटिन ही औषधे अल्झायमरमध्ये लक्षणे काही काळ आटोक्यात ठेवतात, पण आजार थांबवत नाहीत. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात डोनेपेझिलचा उपयोग होत नाही आणि कधी कधी चिडचिड वाढते. त्यामुळे शेजारच्या रुग्णाची चिठ्ठी पाहून औषध आणू नये. अमेरिकेत २०२३ पासून मंजूर झालेली लेकॅनेमॅबसारखी इंजेक्शने केवळ अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत. ती झीज मंदावतात, मात्र त्यांनी मेंदूत सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी जमीन गहाण ठेवण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

७. “तू माझी बायको नाहीस, ती कुठं गेली?” असं विचारतात. खरं पटवून देऊ का?

वाद घालून पटत नाही. उलट भीती आणि संताप वाढतो. आपल्या माणसाच्या जागी तोतया येऊन बसला आहे, असे वाटणे हे मेंदूच्या बिघाडाचे लक्षण आहे. डोळ्यांना चेहरा दिसतो, पण त्याबरोबर उमटणारी आपलेपणाची भावना उमटत नाही. अशा वेळी काही क्षण खोलीबाहेर जावे आणि बाहेरूनच नेहमीच्या आवाजात बोलत आत यावे. चेहऱ्याने न पटलेली ओळख आवाजाने पटल्याचे अनुभव आहेत. “मी कोण, सांगा बरं?” अशी परीक्षा मात्र घेऊ नये, पाहुण्यांनाही घेऊ देऊ नये.

लयीत पाठ झालेल्या गोष्टी बराच काळ टिकतात. हरिपाठ, आरत्या, जात्यावरच्या ओव्या यांचा आधार घ्यावा. एका गृहस्थांच्या पत्नीला त्यांचे नाव विचारले की सांगता येत नसे, पण लग्नातल्या उखाण्याची पहिली ओळ त्यांनी म्हटली की दुसरी ओळ ती नावासकट पुरी करी. त्यांनी त्यातून ओळख परत आल्याचा अर्थ काढला नाही, हे बरे केले. पण रोज संध्याकाळी ते उखाणा म्हणत राहिले.

संशय, मारहाण किंवा गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा वैशाखातल्या उन्हात शरीरातील पाणी कमी होणे ही कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शांत करणारी तीव्र औषधे डॉक्टरांनी मोजक्या काळासाठीच द्यावयाची असतात आणि काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात ती धोकादायक ठरतात.

८. आम्ही शेतात राहतो. त्यांना घरी एकटं सोडता येईल का?

सुरुवातीला येईल, पण आधी फवारणीची औषधे कुलपात गेली पाहिजेत. कपाशी-सोयाबीनच्या घरांत ही बाटली दाराआडच्या फळीवर, पुष्कळदा तेलाच्या किंवा सरबताच्या बाटलीशेजारीच उभी असते, आणि लेबल वाचून समजण्याची शक्ती गेलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. विहिरीवर जाळी, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप, गॅसचा मुख्य कॉक बंद आणि मोटारसायकलची चावी नजरेआड एवढे किमान करावे. सदऱ्याच्या खिशाच्या आत दोन मोबाइल क्रमांक शिवून ठेवावेत. नवरात्रात तुळजापूरला किंवा आषाढीला पंढरपूरला नेताना एक माणूस फक्त त्यांच्यासाठीच असावा.

९. विचारायला लाज वाटते, पण विचारते. ते रात्री अपरात्री जबरदस्ती करतात. नवराच आहे, तर नाही म्हणता येतं का?

येते. आजार हे त्यांच्या वागण्याचे कारण असेल, पण त्यामुळे तुमची संमती गृहीत धरता येत नाही. फ्रंटोटेम्पोरल आजारात, आणि पार्किन्सनच्या काही औषधांमुळेही, कामेच्छेवरचा ताबा सुटतो. हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण औषधे बदलून फरक पडू शकतो. तोवर वेगळ्या खोलीत, आतून कडी लावून झोपणे यात पत्नीधर्माचा भंग वगैरे काही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे. मात्र अशा घरात पोलिसांपेक्षा दीर किंवा मोठा मुलगा रात्री मुक्कामाला असणे अधिक कामाचे ठरते, असा आमचा अनुभव आहे.

पत्नी आजारी असलेले पुरुष उलट बाजूने विचारतात : ती जवळ येते, पण तिला समजते का? तीन गोष्टी पाहाव्यात. ती तुम्हाला नवरा म्हणून ओळखते आहे का, नको असल्यास नको म्हणणे किंवा दूर सरणे तिला जमते का, आणि नंतर ती शांत असते की घाबरलेली. यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल, तर संबंध थांबवावेत. स्पर्श थांबवण्याचे कारण नाही. डोक्याला तेल लावणे, हात धरून अंगणात बसणे हे तिला शेवटपर्यंत समजते. पत्नी चाळिशीतली असेल, तर गर्भधारणेची शक्यता अजून असते. ही बाब घरातील कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

१०. मिस्टर जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत. शाळेतून राजीनामा द्यायला सांगतात. द्यावा का?

देऊ नये. राजीनाम्याने राज्य शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार मागील सेवा वाया जाऊ शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. झेपेल असे दुसरे पद द्यावे, ते नसल्यास अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या जादा) पदावर ठेवावे, अशी तरतूद आहे. एसटी महामंडळासारख्या आस्थापनांनाही हे लागू होते. खासगी कारखान्याला नाही. त्यासाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढावे. कायद्यात स्मृतिभ्रंश या नावाने वेगळी नोंद नाही, परंतु मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचा गंभीर बिघाड येतो, त्यावर बोट ठेवावे. काम मुळीच होत नसेल, तर रुग्णता निवृत्तिवेतनाचा, म्हणजे आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्त होऊन मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा, मार्ग आहे. वर्गातल्या मुलांचे नुकसान होऊ नये, ही मुख्याध्यापकांची अडचणही खरी आहे. म्हणून अर्ज लवकर करावा.

आयकराचे विवरण जुन्या करप्रणालीने भरणाऱ्यांना या आजारावरील खर्चाची वजावट मिळू शकते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते आणि रुग्ण साठीच्या आतला असल्यास मर्यादा ४०,००० रुपये आहे.

११. नुकतंच निदान झालं. त्यांना आजाराचं नाव सांगायचं का? आणि कागदपत्रांचं काय?

हे दोन प्रश्न खरे तर एकच आहेत. “त्यांना सांगू नका, धसका घेतील” असे सांगणारे नातेवाईक प्रेमापोटीच बोलतात, परंतु त्यामुळे नवरा-बायकोने मिळून निर्णय घेण्याची शेवटची एक-दोन वर्षे वाया जातात. कोणते कर्ज आधी फेडायचे, मुलीचे लग्न उरकायचे की शिक्षण पुरे होऊ द्यायचे, पुढे गावी राहायचे की मुलाकडे, हे त्यांना समजते आहे तोवरच त्यांच्याशी बोलून ठरवता येते. निदान सौम्य शब्दांत, शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून, दोघांना एकत्र सांगितले जावे. या उत्तरासाठी कोणी आम्हाला कठोर म्हटले तरी चालेल.

कागदांपैकी सर्वांत सोपे काम म्हणजे बँकखाते दोघांच्या नावे करून दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे ठेवणे आणि सर्व ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांवरील वारस-नोंदी तपासणे. मृत्युपत्र करताना समज शाबूत असावी लागते, म्हणून त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे आणि डॉक्टरांनाच एक साक्षीदार करता आले तर उत्तम. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत याचा पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतो आणि उपचारांचे निर्णय आपल्या वतीने घेणारा नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो.

सर्वांत मोठा गैरसमज मुखत्यारपत्राविषयी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ते करून देणारी व्यक्ती मनाने अस्थिर झाली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. वकील किंवा मुद्रांकविक्रेते ते सर्रास करून देतात. सुरुवातीच्या काळातील कामांपुरते ते वापरावे, त्यावर भिस्त ठेवू नये.

१२. दीर हक्कसोडपत्रावर सही घ्यायला बघतात. “त्याला काय कळतं, कर म्हटलं की करतो” म्हणतात.

“त्याला काय कळतं” हे त्यांचेच बोलणे दस्ताच्या विरुद्ध जाते. व्यवहार समजण्याची क्षमता नसताना केलेला करार कायद्याने टिकत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे, दस्त करून देणारी व्यक्ती मनोरुग्ण असल्याचे दिसल्यास दुय्यम निबंधकाने नोंदणी नाकारली पाहिजे. म्हणून वैद्यकीय कागदांच्या प्रतींसह दुय्यम निबंधक कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि सातबाऱ्यावर लक्ष ठेवावे. दस्त आधीच झाला असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. त्याला मुदत असते, तेव्हा दिवाळीनंतर बघू असे म्हणू नये.

१३. उशीर झाला. आता त्यांना सही करता येत नाही आणि खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

पत्नी म्हणून तुम्ही आपोआप पालक ठरत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळणारे पालकत्व ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरते आहे. त्यात स्मृतिभ्रंश बसत नाही, तरीही लोकांना त्या वाटेने पाठवले जाते. नामनिर्देशित प्रतिनिधीचा अधिकारही उपचारापुरताच असतो. पैसा आणि मिळकतीसाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मिळवता येते, आणि मराठवाड्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे. वकिलाची फी झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लागता मोफत मदत मिळते.

१४. आम्ही ऊसतोड करतो. नवऱ्याला काम सुधरत नाही, आणि मुकादमाची उचल दोघांच्या नावावर आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे एकाचा आजार म्हणजे दोघांची मजुरी बुडणे. असा माणूस फडावर नेऊ नये : कोयता चालवताना हात चुकतो, मोळी घेऊन फळीवर चढताना तोल जातो आणि अनोळखी मुलखात रात्री कोपीबाहेर (झोपडीबाहेर) पडला की परत येत नाही. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, फेडण्यासाठी मजुराला किंवा त्याच्या घरच्यांना कामाची सक्ती करणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. मात्र मुकादम बहुधा गावातला, कधी नात्यातलाच असतो. आजाराचे कागद दाखवून हिशेब लेखी करून घेणे ही पहिली पायरी असावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्जही करावा. उत्पन्नाच्या आणि दिव्यांगत्वाच्या अटी तेथे कळतील.

१५. माझ्या बहिणीला सासरच्यांनी “वेडी आहे” म्हणून आमच्या दारात आणून सोडलं. नवऱ्याला यावर घटस्फोट मिळतो का?

नवरा आजारी पडला की बायकोने सेवा करायची आणि बायको आजारी पडली की तिला माहेरी पोचवायची, ही रीत आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत इतक्या वेळा दिसते की तिच्याकडे अपवाद म्हणून पाहता येत नाही. पत्नीची वर्षानुवर्षे मनोभावे शुश्रूषा करणारे पुरुषही आहेत, पण त्यांचे गावभर कौतुक होते, बायकांचे होत नाही.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३(१)(तीन) मध्ये बऱ्या न होणाऱ्या मनोविकृतीचा आधार आहे. परंतु केवळ निदानाचा कागद पुरेसा नाही. विकार इतका तीव्र असावा लागतो की जोडीदाराने एकत्र राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे. परस्परसंमतीचा अर्ज येथे चालणार नाही, कारण समज गमावलेली व्यक्ती खरी संमती देऊ शकत नाही. दाव्यात तिच्या वतीने न्यायालयाने पालक नेमणे आवश्यक असते. दावा चालू असताना आणि निकालानंतरही पोटगी मागता येते. बहिणीचे कपडे, दागिने, उपचाराचे कागद आणि मुलांची भेट यांबाबत आत्ताच लेखी मागणी करावी. मुस्लिम आणि विशेष विवाह कायद्याखालील विवाहांसाठी तरतुदी वेगळ्या आहेत.

१६. कधी कधी वाटतं, हे एकदाचं संपावं. दुसऱ्या एका माणसाशी बोललं की हलकं वाटतं. मी वाईट आहे का?

नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या जाण्याचे दुःख करावे लागते, आणि त्याला ना दहावा असतो ना तेरावा. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा अर्धवट हानीचा १९७० च्या दशकापासून अभ्यास केला आहे. सुटकेची इच्छा आणि त्याबद्दलचा अपराधभाव एकाच वेळी वाटणे हे या दुःखाचे नेहमीचे रूप आहे. ती इच्छा रागाच्या भरात हात उगारण्यापर्यंत गेली असेल, तर मात्र त्याच आठवड्यात मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. तो सांभाळ करणाऱ्यांसाठीही आहे. नणंद-जावांनी महिन्यातले ठरावीक दिवस वाटून घ्यावेत. पंचमीला माहेरी गेलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी फोन करून बोलावू नये.

दुसऱ्या नात्याविषयी कायदा एवढेच सांगतो की, पहिला विवाह कायम असताना दुसरे लग्न करणे गुन्हा आहे. विवाहबाह्य संबंध २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, तरी घटस्फोटाचा आधार होऊ शकतो. त्यापलीकडचा निवाडा आम्ही करणार नाही. रुग्णाचे खाणे, औषध आणि मान नीट राखला जात असेल, तर तो निवाडा गावानेही करू नये.

१७. मुलांना होईल का? मुलीच्या सोयरिकीत हे सांगावं का?

बहुसंख्य रुग्णांमध्ये हा आजार थेट आनुवंशिक नसतो. मात्र प्रेसेनिलिन-१, प्रेसेनिलिन-२ किंवा एपीपी या जनुकांत दोष असलेल्या मोजक्या कुटुंबांत प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात कौटुंबिक इतिहास अधिक वेळा आढळतो. सलग पिढ्यांत तरुणपणी असे झाले असेल, तरच जनुकतपासणीचा विचार करावा, आणि तोही मुले अठरा वर्षांची झाल्यावर, समुपदेशनानंतर, त्यांच्या स्वतःच्या इच्छेने. आईचा आजार असा आनुवंशिक असेल आणि मुलाचे लग्न मामाच्या मुलीशी ठरत असेल, तर दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता असते. तेथे आधी सल्ला घेणे अगत्याचे आहे.

सोयरिकीत सांगावे, आणि सुपारी फुटण्याआधी सांगावे. लपवले तरी लग्नातच रुग्णाचे वागणे दिसते, आणि मग फसवल्याचा ठपका मुलीवर जन्मभर राहतो. “वडिलांना मेंदूचा आजार आहे, निदान अमुक आहे, घराण्यात आणखी कोणाला नव्हता” अशा तीन वाक्यांत, डॉक्टरांच्या कागदासह सांगितल्यास पुष्कळ स्थळे मागे हटत नाहीत.

१८. समज होती तेव्हा ते म्हणाले होते, “मला नळ्या लावून ठेवू नका.” आता डॉक्टर ऐकतील का?

नुसत्या तोंडी बोलण्याला पूर्वनिर्देशाचा दर्जा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आणि त्यात २०२३ मध्ये झालेल्या बदलांनुसार असा निर्देश लेखी असावा, त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही व्हावी आणि तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करावा. हे काम प्रश्न ११ मधील कागदांबरोबरच करून घेतलेले बरे. लेखी निर्देश नसेल, तरी मार्ग पूर्ण बंद होत नाही : रुग्ण बरा होण्याची आशा नसल्यास रुग्णालयाच्या पहिल्या आणि दुसऱ्या वैद्यकीय मंडळाच्या मतानंतर, निकटच्या नातेवाइकांच्या संमतीने कृत्रिम आधार काढण्याची किंवा न देण्याची प्रक्रिया त्याच निकालात आहे. त्यांचे ते बोलणे कोणी कोणी ऐकले, ते अशा वेळी मंडळाला सांगावे. घास गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घालण्याचा प्रश्न त्याच्या आधी, घरीच येतो. शेवटच्या अवस्थेतील स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढते किंवा फुप्फुसात अन्न जाण्याचे टळते, असा पुरावा मिळालेला नाही. चमच्याने, रुग्णाला बसते करून, त्याच्या गतीने पातळ पेज भरवत राहणे हा तेथे मान्य असलेला पर्याय आहे, आणि तो निवडला म्हणून उपाशी मारल्याचा आरोप नातेवाइकांनी करू नये.